भोपळा जपा

होतकरू बॉक्सर हो, पेढे वाटा. तुमच्या भोपळ्यावरचं संकट टळलंय.

कुठला भोपळा, हे तुम्हाला सांगायला नको. १२-०, १७-०, २३-० यातला शेवटचा. शाळेत ज्या भोपळ्यापायी आपण वडिलांचा मार खाल्ला, तोच अमेरिकेतल्या मुष्टियुद्धात सोन्याच्या मोलाचा. आधी जिंकलेल्या लढती, मग हरलेल्या. हरलेल्यांच्या रकान्यात भोपळा आहे तोवर तुम्ही लढती भरवणाऱ्या प्रमोटरचे लाडके जावई. तिथे एक आकडा पडला की जावयाचा घरगडी होतो.

या भोपळ्यावर टपून बसलेला एक कार्यक्रम होता. शोटाइम वाहिनीवरचा 'शोबॉक्स: द न्यू जनरेशन'. जुलै २००१ मध्ये सुरू झाला, बहुधा शुक्रवारी रात्री असायचा. त्याची खोड एकच: होतकरूसमोर होतकरूच उभा करायचा. आपल्या कुस्तीच्या भाषेत, जोड बरोबरीची लावायची. आता मला सांगा, दूध-बदाम घालून वाढवलेल्या पठ्ठ्याची जोड कोणता शहाणा वस्ताद बरोबरीची लावेल?

बरं, थाटमाट म्हणावा तर तोही नाही. कधी न्यूयॉर्क राज्यातल्या व्हेरोना गावचा कॅसिनो, कधी आयोवातलं स्लोन. आणि रिंगच्या कडेला समालोचक स्टीव्ह फारहूड. मुष्टियुद्धाच्या मासिकांचे जुने संपादक. तुम्ही सतरा जिंकलात म्हणून सांगायला जावं, तर ते सतरा जण कोण होते हे त्यांना तुमच्या आईपेक्षा जास्त ठाऊक. असा माणूस लग्नाच्या बोलणीलाही नेऊ नये.

या छळातून आंद्रे वॉर्ड, टिमथी ब्रॅडली, डिऑन्टे वाइल्डर निघाले, ऐंशीहून अधिक जण पुढे जगज्जेते झाले, हे मान्य. क्लॅरेसा शील्ड्स तर मार्च २०१७ मध्ये, व्यावसायिक कारकिर्दीतल्या दुसऱ्याच लढतीत, या कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण होती. पण तिच्या घरात ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं होती. तुमच्या घरात भोपळाच आहे ना?

तर ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅरामाउंट या मालक कंपनीने वर्षाअखेर शोटाइमवरचं मुष्टियुद्धच बंद करत असल्याचं जाहीर केलं. १९८६ पासूनचा, ३७ वर्षांचा संसार. एचबीओ या दुसऱ्या वाहिनीने २०१८ च्या शेवटीच आवरतं घेतलं होतं. म्हणजे तुमची परीक्षा घेणारी मोठी घरं एकापाठोपाठ एक मिटली. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास कोण करणार!

आता खरं काम: प्रतिस्पर्धी निवडणे. वय पस्तिशीपुढचं हवं. गेल्या सातांपैकी सहा हरलेला. बोलावणं तीन दिवस आधी, फोनवर. वजन करताना टी-शर्ट काढायला तो घुटमळला तर माणूस योग्य निवडला असं समजा. दुसऱ्या फेरीत बरगडीखाली, यकृतावर, डावा हुक, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताचा ठोसा. तो गुडघा टेकेल, हातमोजा कॅनव्हासवर ठेवेल आणि पंच दहापर्यंतच्या मोजणीत 'आठ' म्हणत असताना मान हलवेल. त्याला हसू नका. त्याची रात्रीची बस आहे, आणि पुढच्या महिन्यात त्याला दुसऱ्या कुणाचा तरी भोपळा जपायला जायचंय. मग या सगळ्याची पंधरा सेकंदांची रील करा. त्यात त्याचं पोट दिसणार नाही एवढं बघा. जत्रेच्या फडात अशी लुटुपुटूची कुस्ती लावली तर पब्लिक शिट्ट्या मारून आभाळ डोक्यावर घेतं. पण मोबाइलवर बघणाऱ्याने शिट्टी मारून ऐकवायची कुणाला?

भोपळा कधीतरी फुटणारच, असं कुणी अशुभ बोलेल. बोलू द्या. फुटायचाच असेल तर महागात फुटावा. जुलै २०२३ मध्ये लास वेगासला टेरेन्स क्रॉफर्डने एरोल स्पेन्सला तीनदा खाली पाडलं आणि नवव्या फेरीत लढत थांबली. स्पेन्सचा भोपळा फुटला, पण तो बघायला लोकांनी घरबसल्या ८४.९९ डॉलर मोजले. तरी स्पेन्स शोबॉक्सच्या चरकातून गेलेला गडी. तुम्हाला हुक सोसवत नाही हे पूर्वी लोकांना वाहिनीच्या नेहमीच्या वर्गणीत कळलं असतं. आता त्यासाठी वेगळं तिकीट लागेल. याला म्हणतात प्रगती.

एकच काळजी आहे. ज्या पॅरामाउंटला २०२३ मध्ये मुष्टियुद्ध परवडेना, तिने मालक बदलल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सवाल्या कंपनीच्या मारामाऱ्यांसाठी सात वर्षांचे ७.७ अब्ज डॉलर कबूल केले. मागोमाग यूएफसीवाल्यांच्याच झुफा बॉक्सिंगशीही करार झाला, म्हणजे ठोसे पुन्हा त्याच घरात आले. तिथून बोलावणं आलं तर हुरळून जाऊ नका. समोर कोण आहे ते आधी विचारा. बरोबरीची जोड निघाली तर मनगट दुखावलंय म्हणून कळवा. दोनदा कळवावं लागलं, तर दोन्ही वेळेला मनगट मात्र एकच सांगा.