लॉजिस्टिक्सचा आयपीओ आलाय? वाचत काय बसता, भरा!

पार्सल पोचवणाऱ्या एखाद्या टेक कंपनीचा आयपीओ आला, म्हणजे तिने आपले शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढले, की सुज्ञ गुंतवणूकदाराने आधी लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारावं, "जीएमपी किती चाललाय?" (जीएमपी म्हणजे लिस्टिंगआधी, म्हणजे शेअर एक्स्चेंजवर खरेदीविक्रीला येण्याआधी, बाजाराबाहेर बोलला जाणारा जादा भाव.) पंधरा टक्के म्हणाला तर कंपनी उत्तम. दोन टक्के म्हणाला तर मॅनेजमेंट भिकार. हा भाव कोण काढतो, सौदे होतात कुठे, बुडाले तर दाद कुणाकडे मागायची, असलं काही विचारून समोरच्याला अडचणीत आणू नये. एक्स्चेंजकडे त्याची नोंद नाही, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी त्याला ओळखत नाही, पण सोसायटीच्या ग्रुपवर तो रोज सकाळी न चुकता येतो. आमच्या नळाला इतकी शिस्त असती तर टँकर लागला नसता.

कंपनीच्या वर्णनात 'टेक' हा शब्द आहे ना? मग तिकडचा विचार संपला. ट्रक डिझेलवर चालतो, भिवंडीतल्या गोदामाचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, आणि लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यावर खोकं घेऊन माणूसच चढतो, ही सगळी जुन्या ट्रान्सपोर्टवाल्यांची रडगाणी. आता अल्गोरिदम आलंय. (अल्गोरिदम खरंच आहे, आणि कोणतं पार्सल कोणत्या गाडीत घालायचं हे ते बरं ठरवतं. पण पैसा सुटतो तो गाडी भरून गेली तरच, आणि परतताना रिकामी आली नाही तरच. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवलं की त्याच खोक्याला दुसऱ्यांदा डिझेल लागतं.) असो, हे ॲपवर दिसत नाही, म्हणजे ते नसावं.

ब्रोकरच्या ॲपवर हिरवं बटण असेल तर दाबावं. हिरवं उगाच नसतं.

प्रॉस्पेक्टस (आयपीओचं अधिकृत माहितीपत्रक) चुकूनही उघडू नका. शेकडो पानांचा असतो, आणि त्यात त्या कंपनीनेच स्वतःबद्दल इतकं वाईट लिहिलेलं असतं की उत्साह मावळतो. आपण असा आयपीओ भरणार आहोत का, ज्याच्याबद्दल आपल्याला काही माहिती आहे?

तोट्याला घाबरू नका. तोटा म्हणजे वाढ, हे आता सगळ्यांना कळलं आहे. डेल्हिव्हरी या पार्सल कंपनीचा आयपीओ आठवा, मे 2022. त्याआधी, एप्रिल ते डिसेंबर 2021 या नऊ महिन्यांत, कंपनीचा तोटा 891 कोटी होता. भाव ठेवला 462 ते 487. आता एक छोटी गंमत सांगतो. मागच्या तीन वर्षांत सरासरी 15 कोटींचा ऑपरेटिंग नफा ही सेबीची अट डेल्हिव्हरीसारख्या ज्या कंपनीला पुरी करता येत नाही, तिला बाजारात यायला बंदी नाही, फक्त तिथे किमान 75 टक्के शेअर मोठ्या संस्थांना द्यावे लागतात आणि तुमच्याआमच्यासाठी जास्तीत जास्त 10 टक्के उरतात. एरवी नफ्यातल्या कंपनीत आपला वाटा 35 टक्के असतो. म्हणजे नियम करणाऱ्यानेच दारावर पाटी लावून ठेवली आहे की बाबांनो, इथे जरा सांभाळून. आपण ती पाटी वाचतो आणि म्हणतो, "अरे, फक्त 10 टक्के कोटा! लवकर भर, लागणार नाही!"

'ॲडजस्टेड एबिटा', म्हणजे काही खर्च वगळून काढलेला नफा, दिसला की मान डोलवावी. ज्या खर्चांमुळे तोटा होतो ते बाजूला ठेवले की तोटा कमी होतो, एवढं गणित आपल्यालाही जमतं.

आता कुटुंबाच्या सहभागाबद्दल. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा, कारण मी तो नुकताच भोगला आहे. एका पॅनवर एकच अर्ज चालतो, आयपीओ ओव्हरसबस्क्राइब झाला, म्हणजे शेअरपेक्षा मागणी जास्त आली, तर सोडत निघते, म्हणून घरात जितकी डोकी तितके अर्ज करावेत. स्वतःच्या घरातली डोकी संपली की नातेवाइकांची वापरावीत. आमच्या साडूंनी ही कला शिखरावर नेली आहे. त्यांचं, वहिनींचं, मुलाचं, सुनेचं, सगळ्यांचं डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) आहे, आणि मागे एकदा कौतुकाने त्यांनी माझ्या आईचंही उघडून दिलं. आईला वाटलं पोस्टातलं खातं आहे. परवा असाच एक लॉजिस्टिक्सचा इश्यू बंद व्हायच्या दिवशी दुपारी साडेचारला त्यांचा फोन. "काकूंच्या नावाने टाकलाय, त्यांच्या खात्यात पैसे पाठवलेत, यूपीआयचं मँडेट आलंय, पाचच्या आत अप्रूव्ह करायला सांगा. लागला तर अर्धा फायदा काकूंचा." (मँडेट म्हणजे खात्यातले पैसे अडकवून ठेवायची परवानगी.) आई ऐंशीच्या पुढे आहे. दुपारी झोपलेली होती. तिला उठवून, चष्मा शोधून, फोन शोधून, मग तो पिन, जो तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय आणि कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं. मँडेट येत नव्हतं. साडू फोनवर, "रिफ्रेश करा, रिफ्रेश करा." पाचला सात मिनिटं कमी असताना ते आलं. आई म्हणाली, "कशाचे पैसे कापले?" मी म्हटलं, कापले नाहीत, ब्लॉक केले. "म्हणजे काय?" म्हणजे तुझ्या खात्यात आहेत पण तुझे नाहीत. यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला सहन करावं लागलं, साडूंना नाही. ते पुढच्या म्हातारीला फोन करत होते.

मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला. ही कंपनी कमावते कशावर? ते म्हणाले, "अहो, पार्सल!" कुणाची पार्सलं? "सगळ्यांची." सगळ्यांची म्हणजे कुणाची? "तुम्ही ना, फार खोलात जाता. आपल्याला काय ठेवायचाय का? लिस्टिंगच्या दिवशी दहा वाजता बाहेर." बरं, सगळेच दहा वाजता बाहेर पडणार असतील तर दहाला घेणार कोण? यावर ते हसले. घेणारा कुणीतरी असतोच म्हणे. हा घेणारा कुणीतरी नेहमी दुसरा असतो, हेही साडूंनी गृहीत धरलेलं आहे. सेबीने एप्रिल 2021 ते डिसेंबर 2023 मधल्या 144 आयपीओंचा अभ्यास केला. अँकर, म्हणजे इश्यू उघडण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्था, सोडून बाकीच्यांना मिळालेले शेअर किमतीच्या हिशोबाने 54 टक्के आठवडाभरात विकले गेले होते. म्हणजे साडू एकटे नाहीत, अर्धा देश दहा वाजता दारात चेंगराचेंगरी करतोय.

आणि यातला खरा विनोद तर त्यांना कळतच नाही. ज्या इश्यूसाठी आईला झोपेतून उठवावं लागतं तो पन्नासपट भरतो, आणि आठ डोक्यांपैकी एकाला लागला तरी नशीब. जो इश्यू आठही डोक्यांना मागितला तेवढा लागतो, तो कुणालाच नको असतो म्हणून लागतो. डेल्हिव्हरीचा रिटेल कोटा, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांचा, फक्त 57 टक्के भरला होता. कर्मचाऱ्यांचा तर त्याहून कमी. तिथे काकूंची गरजच नव्हती, मागाल तेवढं ताटात. 487 ला मिळालेल्या शेअरचं लिस्टिंग 493 ला, म्हणजे एका 30 शेअरच्या लॉटवर, 14,610 रुपये अडकवून, 180 रुपये फायदा. यातला अर्धा काकूंचा.

विकणारा कोण आहे हे बघू नका. तो आपला वैयक्तिक प्रश्न नव्हे. डेल्हिव्हरीच्या 5,235 कोटींच्या इश्यूपैकी 4,000 कोटी कंपनीत गेले, 1,235 कोटी कार्लाइल, सॉफ्टबँक यांच्यासारख्या आधीपासून बसलेल्या गुंतवणूकदारांच्या खिशात. त्यांनी विकलं यात गैर काहीच नाही, त्यांचा तो धंदा आहे. फक्त त्यांना तो शेअर सरासरी कितीला पडला होता, हे प्रॉस्पेक्टसच्या अगदी सुरुवातीच्या पानांवर छापलेलं असतं. दुसरं तिसरं पान उलटायला लागत नाही. तेवढंही आपण बघत नाही, आणि मेथीची जुडी घेताना मात्र भाजीवाल्याला विचारतो, "तुला कितीला पडली?"

गिऱ्हाईक कोण, हेही विचारू नका. ईकॉम एक्स्प्रेस ही पार्सल कंपनी आठवतेय? ऑगस्ट 2024 मध्ये तिने 2,600 कोटींच्या इश्यूसाठी सेबीकडे कागद दिले. त्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं की निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येतं. ते गिऱ्हाईक म्हणजे मीशो. मीशो तोवर व्हॅल्मो नावाने स्वतःची पार्सल व्यवस्था उभी करत होतीच. इश्यू काही आला नाही. एप्रिल 2025 मध्ये डेल्हिव्हरीने जाहीर केलं की ईकॉम एक्स्प्रेस आपण 1,407 कोटींना घेतोय. हिस्सा नाही, जवळजवळ अख्खी कंपनी. आठ महिन्यांपूर्वी जिचा एक तुकडा तुम्हाआम्हाला 2,600 कोटींना द्यायचा बेत होता ती. तो इश्यू आला असता तर आमच्या साडूंनी आईला उठवलंच असतं, मला शंका नाही.

अमेझॉन स्वतःची पार्सलं स्वतः नेतं, फ्लिपकार्टची ईकार्ट आहे, मीशोची व्हॅल्मो. या धंद्यात मोठं गिऱ्हाईक मोठं झालं की तेच स्पर्धक होतं. हे कळायला सीए असावं लागत नाही. दारात आलेल्या पोराच्या शर्टावरचं नाव वाचलं तरी कळतं.

आता जरा सरळ बोलतो, कारण हे उपरोधाचं सोंग मला फार वेळ झेपत नाही.

तुम्ही आळशी आहात. गरीब नाही, अडाणी नाही, आळशी. बारा हजारांचा मोबाइल घ्यायचा तर चार दिवस व्हिडिओ बघता, तीन दुकानं फिरता, डब्यावरचा आयएमईआय ताडून बघता. पंधरा हजारांचा लॉट मात्र सिग्नलला उभं असताना भरता. मग भाव पडला की ओरडता की मोठ्यांनी लुटलं, सेबी झोपली, सरकार बघत नाही. काय बघायचं होतं सरकारने? कागद फुकट आहे, सेबीच्या साइटवर आहे, इश्यू उघडायच्या आधीपासून आहे. त्यात विकणारा कोण, त्याला कितीला पडला, पैसे कशाला हवेत, पहिली पाच गिऱ्हाइकं उत्पन्नाचा किती हिस्सा देतात, आणि धंद्यातून रोख येते की जाते, एवढ्या पाच गोष्टी शोधायला अर्धा तास लागतो. अर्धा तास! क्रिकेटच्या इनिंग ब्रेकमध्ये होतं.

आणि कंपनी चांगली की वाईट एवढ्यावरही भागत नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. डेल्हिव्हरीचा शेअर जुलै 2022 मध्ये 700 च्या वर गेला आणि मार्च 2025 मध्ये 250 च्या खाली होता. त्याच मार्चला संपलेल्या वर्षात कंपनीने पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा दाखवला, 162 कोटी. पुढे भाव सावरलाही. म्हणजे धंदा सुधारत होता आणि 487 ला घेतलेला माणूस जवळजवळ तीन वर्षांनी निम्म्या भावाकडे बघत बसला होता. चूक धंद्यात नव्हती, दिलेल्या किमतीत होती. ही किंमत जास्त आहे का, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर आजवर एकदाही कुणी विचारलेला मी पाहिलेला नाही. "लागला का?" हा मात्र रोज.

लॉटरीच खेळायची असेल तर उघड खेळा, मला हरकत नाही. महाराष्ट्र राज्याची आहे, तिकीट स्वस्त आहे. पण जुगाराला गुंतवणूक म्हणू नका, आणि त्यासाठी म्हाताऱ्या माणसांचे पॅन गोळा करत हिंडू नका. दुसऱ्याच्या नावाने अर्ज, पैसे तिसऱ्याचे, फायदा निम्मानिम्मा, हा व्यवहार आहे तरी काय? त्या फायद्यावरचा कर कुणाच्या नावे लागतो? काकूंच्या. आणि नोटीस आली तर उत्तर द्यायला कोण जाणार, तुम्ही? साडूंना हे विचारलं तेव्हा म्हणाले, "एवढ्याशा रकमेला कोण नोटीस पाठवतंय!" आईचं ते डिमॅट बंद करायचा फॉर्म मी काल भरून दिला. त्यांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या इश्यूला दुपारी साडेचारला कळेलच.