मेव्हण्यांचे तीनशे डीपीआय

“मॅडम, ॲपमधला लोगो फुटतोय.” क्लायंटचा मेसेज आणि सोबत पुराव्यादाखल स्क्रीनशॉट, तोही दोन बोटांनी ताणताणून घेतलेला. एवढं ताणल्यावर कोणीही फुटेल.

मुळात लोगो त्यांनीच दिला होता. फॉरवर्ड होत होत २०० बाय २०० पिक्सेलपर्यंत आटलेला. “ओरिजिनल फाइल मिळेल का? व्हेक्टर, म्हणजे कितीही ताणली तरी न फुटणारी, असेल तर उत्तम,” असं विचारल्यावर त्यांनी तोच लोगो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून पाठवला.

मीटिंगला त्यांचे मेव्हणे हजर. सहज आले होते म्हणे. छपाईच्या लायनीतले.

“किती डीपीआयचा आहे?” मेव्हण्यांनी डोळे बारीक करत विचारलं. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके.

“तसं नसतं हो फोनवर. पिक्सेल किती आहेत ते महत्त्वाचं.”

“पण डीपीआय किती?”

“फाइलमध्ये ७२ लिहिलंय, पण फोन ते वाचतही नाही.”

“बहात्तर!” त्यांनी क्लायंटकडे असं पाहिलं, की जणू मी सिमेंटमध्ये राख मिसळताना सापडले होते. “आमच्याकडे तीनशेच्या खाली मशीनला हातच लावत नाहीत.”

कागदाला ते बरोबरच आहे. पण फोनवर एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर, हे त्या त्या पडद्यावर ठरतं. अँड्रॉइडमध्ये १६० डीपीआय हा पाया. मग त्याच्या दीडपट, दुप्पट, तिप्पट, चौपट. म्हणून एकच आयकॉन ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ पिक्सेलमध्ये काढायचा. आयफोनचं घराणं वेगळं. २०१० मध्ये आयफोन ४ आला आणि ३२० बाय ४८० चा पडदा तेवढ्याच जागेत ६४० बाय ९६० झाला. तेव्हापासून दुप्पट मापाची चित्रं आमच्या मागे लागली. २०१४ च्या ६ प्लसने तर कहर केला. चित्र रंगवायचं १२४२ बाय २२०८ वर आणि दाखवायचं १०८० बाय १९२० वर! आम्ही एकेक पिक्सेल जुळवायचा, फोनने तो परस्पर आवळायचा.

हे सगळं मी सांगत होते. ऐकत कोणीच नव्हतं.

“त्यापेक्षा एकच मोठ्ठं चित्र टाका ना,” मेव्हणे म्हणाले. “४००० बाय ४०००. काम खलास.”

“फोनच्या मेमरीत उघडल्यावर ते चौसष्ट एमबी खाईल. एका लोगोपायी.”

“फोन बदलायचे मग लोकांनी.”

आणि त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. माझा लॅपटॉप. लोगो उघडला, ७२ खोडून ३०० लिहिलं, सेव्ह केलं. पिक्सेल होते तेवढेच, २०० बाय २००. एकही ना वाढला, ना हलला.

“आता बघा.”

क्लायंटने खिशातला फोन काढला, ॲप उघडलं आणि चेहरा उजळला. “वा! काय क्लिअर दिसतोय!”

ती फाइल अजून माझ्या लॅपटॉपवरच होती. फोनमध्ये कालचंच ॲप होतं, कालच्याच फुटक्या लोगोसकट. मी तसं म्हटलंही. “असू दे हो मॅडम,” मेव्हणे उदारपणे म्हणाले, “होतं असं. अनुभवाचा भाग असतो.”

पुढे घरी बसून तो लोगो मी रेघ न् रेघ व्हेक्टरमध्ये नव्याने काढला, सगळ्या मापांत एक्स्पोर्ट केला आणि बिलात एक ओळ वाढवली. त्यावर क्लायंटचा फोन आला.

“मॅडम, हे लोगोचे पैसे कसले लावलेत? ते तर मेव्हण्यांनी दोन मिनिटांत केलं होतं ना?”