वानखेडेच्या भिंतीवर बोलरांची नावं हवीत

वानखेडेवर ज्या स्टँड्सना क्रिकेटपटूंची नावं आहेत ती ओळीने म्हणून बघा. विजय मर्चंट, सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर आणि २०२५ पासून अजित वाडेकर, रोहित शर्मा. सगळे फलंदाज. यातलं प्रत्येक नाव तिथे असायलाच हवं. विनू मंकड यांच्या नावाचं गेट आहे, पण मंकड अष्टपैलू होते. मुंबईला बॅटिंगचं वेड आहे आणि त्या वेडातूनच अर्ध्या भारताची बॅटिंग उभी राहिली, हेही मान्य. पण जानेवारी १९७५ पासून या मैदानावर झालेल्या कसोटी सामन्यांचे स्कोअरकार्ड काढून बसलात, तर दिसेल की इथला निकाल कितीतरी वेळा बोलरने लावलाय. आणि त्या बोलरचं नाव आपल्याला पटकन आठवत नाही. मला हे मनापासून खटकतं.

सगळ्यात मोठं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१३, सचिनची २००वी आणि शेवटची कसोटी. सचिनचे ७४ रन, सॅमीने स्लिपमध्ये घेतलेला तो झेल, मग ते भाषण, पिचला केलेला नमस्कार. तो क्षण ज्याने पाहिला त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. आता सांगा, त्या कसोटीत सामनावीर कोण होता? प्रग्यान ओझा. पहिल्या डावात ४० धावांत ५, दुसऱ्या डावात ४९ धावांत ५. सामन्यात ८९ धावांत १० विकेट. वेस्ट इंडीज १८२ आणि १८७ वर आटोपली आणि सामना तीन दिवसांत संपला. २४ कसोटींत ११३ विकेट घेतलेला हा माणूस त्यानंतर भारतासाठी एकही कसोटी खेळला नाही. त्याचीही ती शेवटचीच कसोटी ठरली. दोघांचा निरोप एकाच मैदानावर, एकाच सामन्यात झाला आणि दुसऱ्याचा निरोप कुणाच्या लक्षातही आला नाही. त्यात सचिनचा काहीच दोष नाही. आपण प्रेक्षक म्हणून काय बघायला शिकलो, हा प्रश्न आहे.

मुळात हे मैदान बोलरला इतकं का देतं? लाल माती. लाल मातीच्या पिचवर चेंडू उसळतो, आणि पिच कोरडं पडलं की झपकन वळतो. काळ्या मातीवर चेंडू खाली राहतो, फलंदाजाला थांबून खेळता येतं. इथे तो वेळच मिळत नाही. वळलेला चेंडू उसळून ग्लोव्हजला लागतो, बॅटची कड घेतो, आणि स्लिप व शॉर्ट लेग कामाला लागतात. त्यात बाजूला अरबी समुद्र. सकाळच्या सत्रात आणि रात्री दिव्यांखाली नवा चेंडू इथे हलतो. म्हणूनच वानखेडेच्या यादीत स्पिनर आणि वेगवान दोघेही भरभरून सापडतात.

पहिल्याच कसोटीपासून बघा. सगळ्यांना वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडचे नाबाद २४२ आठवतात, त्याला भेटायला मैदानात धावलेला पोरगा आणि नंतरची दंगल आठवते. मालिका २-२ होती. टायगर पतौडींची ही शेवटची कसोटी. शेवटच्या डावात भारताला २०२ वर गुंडाळून मालिका वेस्ट इंडीजला दिली व्हॅनबर्न होल्डरने, ३९ धावांत ६. रॉबर्ट्सच्या सावलीत राहिलेला बोलर. वानखेडेवर कसोटी जिंकून देणारा पहिला बोलर हाच.

मग फेब्रुवारी १९८०. बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची, इंग्लंडविरुद्धची एकमेव कसोटी. खग्रास सूर्यग्रहण होतं म्हणून पहिल्या दिवसानंतर लगेच विश्रांतीचा दिवस ठेवला होता. या सामन्याची एकच गोष्ट आपण पिढ्यानपिढ्या सांगतो: पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला आपला कर्णधार विश्वनाथने परत बोलावलं. ती सांगावीच, दिलदारपणाची गोष्ट आहे. पण त्याच सामन्यात इयान बोथमने ५८ धावांत ६ आणि ४८ धावांत ७ घेतले, आणि मधल्या वेळात ११४ रन काढले. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये एकाच कसोटीत शतक आणि १० विकेट हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. टेलरने यष्टीमागे १० झेल घेतले, त्यावरून कल्पना करा की दोन्ही डावांत चेंडू किती हलत असेल. माझ्या मते भारतात परदेशी वेगवान बोलरने केलेली ही सर्वोत्तम कामगिरी, आणि १९८८ मध्ये इथेच न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीने ८८ धावांत घेतलेले १० तिच्या खालोखाल. हॅडली तेव्हा ३७ वर्षांचा होता. दुसऱ्या बाजूने ब्रेसवेलने ५१ धावांत ६ घेऊन दुसरा डाव संपवला.

आपलेही होते हो! नोव्हेंबर १९८१ मध्ये इंग्लंडला २४१ करायचे होते आणि कपिलने ७० धावांत ५, मदनलालने २३ धावांत ५ घेऊन त्यांना १०२ वर उडवलं. पहिल्या डावात दिलीप दोशीने ३९ धावांत ५ घेतले होते. त्यानंतर भारत तीन वर्षं एकही कसोटी जिंकला नाही. मधल्या काळात वर्ल्ड कप जिंकला, पण कसोटी नाही. तो दुष्काळ संपला तोही इथेच, नोव्हेंबर-डिसेंबर १९८४ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत. महिन्याभरापूर्वी इंदिरा गांधींची हत्या झालेली. कसोटीच्या आदल्या दिवशी मुंबईतच ब्रिटनच्या उपउच्चायुक्तांना गोळ्या घातलेल्या. त्या सावटात सामना झाला आणि अठरा वर्षांच्या लक्ष्मण शिवरामकृष्णनने लेगस्पिनवर १२ बळी घेतले, ६४ धावांत ६ आणि ११७ धावांत ६. दुसऱ्या डावात गॅटिंगने १३६ केले तरी त्याने चेंडूला उंची द्यायचं सोडलं नाही. मार पडत असताना अठराव्या वर्षी चेंडू हवेत सोडत राहायचा, याला छाती लागते.

पण वानखेडे खऱ्या अर्थाने कुणाचं असेल, तर डावखुऱ्या स्पिनरचं. ही यादी बघून मला दरवेळी नवल वाटतं. दोशी झाला, ओझा झाला. मुरली कार्तिक घ्या. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०७ चं लक्ष्य राखून भारत १३ धावांनी जिंकला. आपण अजून मायकेल क्लार्कच्या ९ धावांतल्या ६ विकेटबद्दल बोलतो. दुसऱ्या डावात हरभजनने २९ धावांत ५ काढले, आणि सामनावीर होता कार्तिक, दोन डावांत मिळून ७ बळी. त्याच कार्तिकने २००७ मध्ये याच मैदानावर, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्याच वनडेत २७ धावांत ६ घेतले आणि मग बॅट घेऊन सामनाही जिंकून दिला.

२०१२ चा इंग्लंडविरुद्धचा पराभव तर आपण स्वतःच ओढवून घेतला होता. पहिल्या दिवसापासून वळणारी पिच हवी, असं धोनी उघडपणे म्हणाला होता. तशी मिळाली. आणि अहमदाबादला बाहेर बसवलेल्या मॉंटी पनेसरने येऊन ११ विकेट काढल्या. सचिनला दोन्ही डावांत आठ-आठ धावांवर त्यानेच घरी पाठवलं. दुसऱ्या टोकाला ग्रॅम स्वॉनने ८ घेतल्या. २० पैकी १९ विकेट दोन स्पिनरनी, भारतात, भारताविरुद्ध. त्याआधी २००६ मध्ये इंग्लंडच्याच शॉन उडालने काय केलं होतं? ऑफस्पिनर. सामना सुरू झाला त्याच दिवशी ३७ वर्षांचा झालेला. शेवटच्या दिवशी १४ धावांत ४, त्यात सचिन आणि धोनी, आणि भारत १०० वर ऑल आऊट. ती त्याची शेवटची कसोटी. ओझाच्या आधी वानखेडेवरून असाच निघून गेलेला माणूस.

आणि मग एजाझ पटेल.

याच्यावर मी पानंच्या पानं लिहू शकतो. जन्म मुंबईचा, १९८८ चा. घर जोगेश्वरीचं. १९९६ मध्ये कुटुंब न्यूझीलंडला गेलं. तिकडे तो आधी वेगवान बोलर होता, उंची पुरेना म्हणून विशीत डावखुऱ्या स्पिनकडे वळला. आपल्याकडे विशीपर्यंत रणजीत नाव आलं नाही तर पोरगा नोकरी शोधायला लागतो. याने त्या वयात हातातली कला बदलली आणि तिशीत कसोटी पदार्पण केलं. ३ डिसेंबर २०२१ ला तो वानखेडेवर उतरला. भारत बिनबाद ८०. मग गिल स्लिपमध्ये, पुजारा शून्यावर बोल्ड, कोहली शून्यावर पायचीत. ८० वर ३. दुसऱ्या दिवशी सकाळी साहा आणि अश्विन लागोपाठच्या चेंडूंवर. एका बाजूने मयंक अगरवाल दीडशे रन काढत होता आणि दुसरीकडे विकेट फक्त एकाच माणसाच्या नावावर पडत होत्या. शेवटी सिराजचा उंच उडालेला चेंडू रचिन रवींद्रने पकडला. ४७.५ षटकं, ११९ धावा, १० बळी. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर कसोटीत तिसराच. ४७.५ षटकांत त्याने एकच गोष्ट केली. तोच टप्पा, तीच चाल, हवेत थोडासा वेग कमी-जास्त. कुठेही घाई नाही.

त्यानंतर काही तासांत न्यूझीलंड ६२ वर संपली, अश्विनचे ८ धावांत ४, सिराजने नव्या चेंडूवर ३. सामना ३७२ धावांनी गेला. लेकर जिंकला होता, कुंबळे जिंकला होता, एजाझ हरला. आणि पुढच्याच मायदेशी मालिकेच्या संघात त्याला जागा नव्हती! तिकडच्या हिरव्या पिचवर स्पिनर लागत नाही म्हणे. डावात दहा विकेट घेतलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तो परत आला. जडेजाने दोन्ही डावांत पाच-पाच काढून भारताला सामन्यात आणलं होतं. हवे होते फक्त १४७. आपण २९ वर ५. पंत एकटा ६४ पर्यंत लढला, त्यालाही एजाझनेच घेतलं. ५७ धावांत ६, सामन्यात ११, भारत १२१ वर ऑल आऊट, मालिका ०-३. वॉशिंग्टन सुंदरचा स्टंप पडला तेव्हा मी अक्षरशः सुन्न बसलो होतो. तरी मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं की हे घेणारा आपल्याच जोगेश्वरीचा आहे. वानखेडेवर दोन कसोटींत २५ विकेट. बोथमच्या इथल्या २२ मागे पडल्या.

एजाझला बघताना मला कायम मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर आठवतात. पॅडी. त्यांनी वानखेडेवर आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही, कारण ते भारतासाठी कुठेच खेळले नाहीत. ५८९ प्रथम श्रेणी बळी, प्रत्येक बळी वीसपेक्षा कमी धावांना. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला जाऊन १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. भारतीय संघात त्यांच्या जागेवर बिशनसिंग बेदी उभे होते आणि दार उघडलं नाही. डावखुऱ्या स्पिनरला इतकं देणारं मैदान त्यांच्याच शहरात उभं राहिलं आणि त्यांना तिथे एकही कसोटी मिळाली नाही. मार्च २०२५ मध्ये ते गेले.

वनडेतही तेच. १५ नोव्हेंबर २०२३, न्यूझीलंडविरुद्ध वर्ल्ड कपची उपांत्य फेरी. कोहलीचं ५०वं शतक, समोर सचिन बसलेला. ते चित्र अजरामर आहे. पण विल्यमसन आणि मिचेल यांनी १८१ ची भागीदारी करून ३९७ सुद्धा कमी वाटायला लावले होते. मोहम्मद शमीने एकाच षटकात विल्यमसन आणि लॅथम काढले आणि सामना फिरला. ५७ धावांत ७. वनडेत एका सामन्यात ७ बळी घेणारा पहिला भारतीय. दोन आठवड्यांपूर्वी इथेच श्रीलंकेला ५५ वर उडवताना त्याने १८ धावांत ५ घेतले होते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. लॉर्ड्सला ड्रेसिंग रूममध्ये शतकं आणि पाच विकेट घेणाऱ्यांच्या नावांचे बोर्ड असतात, पाहुण्यांचेही. वानखेडेवर तसा बोर्ड बोलरांसाठी लावावा, आणि तो आत कुठे नको, चर्चगेटहून चालत येणारा साधा प्रेक्षक ज्या भिंतीजवळून आत शिरतो, त्या भिंतीवर. होल्डरपासून सुरुवात. बोथम, शिवरामकृष्णन, हॅडली, पनेसर, ओझा, २०१६ मध्ये इंग्लंडचे १२ घेणारा अश्विन, जडेजा, एजाझ, शमी. आपल्याला हरवणाऱ्यांची नावंही मोठ्या अक्षरांत. आणि शेजारी एक वेगळी पाटी शिवलकरांची.

पाच विकेटची अट ठेवली तर झहीर खान त्यात बसणार नाही, हे मला माहीत आहे. २ एप्रिल २०११ च्या वर्ल्ड कप फायनलला त्याचे आकडे १० षटकांत ६० धावा, २ बळी. शेवटच्या षटकांत मार खाल्ला. पण सुरुवातीची ५ षटकं आठवा: ३ निर्धाव, ६ धावा, थरंगा स्लिपमध्ये सेहवागच्या हातात. सगळा देश श्वास रोखून बसलेला असताना श्रीरामपूरच्या पोराने तो स्पेल टाकला. अट थोडी वाकवून त्याचं नाव तिथे घ्यावं, असं मला वाटतं. ज्यांना पटत नाही त्यांनी ती ५ षटकं पुन्हा लावून बघावीत आणि मग माझ्याशी भांडावं.