अस्वल वितळतं आणि आपण सुटतो

पर्यावरणावरचं शिल्प म्हटलं की त्यात एखादा बिचारा प्राणी ठरलेलाच. २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या वेळी मार्क कोरेथने बर्फाचं ध्रुवीय अस्वल कोरलं होतं, आत ब्राँझचा सांगाडा. लोक हात लावत, बर्फ वितळे, हाडं उघडी पडत. कारागिरी चोखच. पण मला ते तेवढ्यापुरतंच वाटतं. प्राणी तिकडे मरतो, आपण इकडे उभं राहून चुकचुकतो आणि घरी जातो. हळहळायला काय लागतं?

त्यापेक्षा माणूस, जनावर आणि यंत्र यांची सरमिसळ करणारे शिल्पकार आपल्याला सहजासहजी सुटू देत नाहीत. जेसन डीकेअर्स टेलरने २०१५ साली लंडनमध्ये थेम्सच्या पात्रात, पार्लमेंट नजरेच्या टप्प्यात येईल अशा जागी, चार घोडे उभे केले. धड घोड्याचं आणि मुंडक्याच्या जागी तेलविहिरीचा पंप! स्वारांमध्ये सुटाबुटातले पुरुष आणि लहान मुलंही. शिल्प तिथे होतं तेव्हा दिवसातून दोनदा भरती आली की घोडे, स्वार पाण्यात जात, ओहोटीला पुन्हा वर येत. आता कीव कुणाची करायची? घोड्याची तर नाहीच. स्वारी करणारे आपणच, आणि मागून येणारी पोरंही त्याच खोगिरावर. पाटी लावून समजावायची गरजच नव्हती, अर्धं काम नदीनेच केलं.

पॅट्रिशिया पिचिनिनीचं ‘द यंग फॅमिली’ (२००२) तर अंगावरच येतं. डुकरीण म्हणावी तर हातपाय आणि डोळे माणसाचे. आडवी पडलीय, पिल्लं दूध पिताहेत. सुरकुतलेली कातडी, त्यावर खरे मानवी केस. माणसाला अवयव मिळावेत म्हणून डुकरं वाढवण्याच्या कल्पनेतून हे आलंय. आधी किळस येते, मग तिची थकलेली नजर दिसते आणि किळस कुठे ठेवावी कळत नाही. सिलिकॉन, फायबरग्लास वापरून निसर्गाच्या गप्पा मारणाऱ्यांवर एरवी मी वैतागतो, पण हा जीवच प्रयोगशाळेतला, त्याला तेच शोभतं.

मात्र डेमियन हर्स्टचा शार्क, म्हणजे काचपेटीत जतन करून ठेवलेला खराखुरा मेलेला शार्क, मला पटत नाही. १९९१ सालच्या त्या कलाकृतीसाठी ऑर्डर देऊन शार्क पकडला. तो काचपेटीत खराब झाला, म्हणून २००६ साली दुसरा आणून ठेवला. कल्पना महत्त्वाची, शार्क बदलता येतो, असं समर्थन करणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे, कमेंटमध्ये या.