स्पेलिंगची वाट कशी लावावी

तुमची भाषा जशी बोलता साधारण तशीच लिहिता येते (चहातला च आणि चोरातला च हा विषय आत्ता काढू नका) आणि त्यामुळे पोरं फारच लवकर वाचायला शिकतात, अशी तक्रार असेल तर इंग्रजांकडून शिका.

पहिलं म्हणजे टायमिंग. लोकांचे स्वर घसरायला लागलेत असं दिसलं की लगेच छापखाना टाकायचा, थांबायचं नाही. इंग्लंडचा पहिला छापखानावाला कॅक्स्टन, त्याने १४७६ला लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला टाकला तसा. कवी चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, तिकडे 'नेम'ला चक्क 'नाम' म्हणायचे, अगदी आपल्यासारखं, टाईमला 'टीम' आणि हाऊसला 'हूस'. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत सगळं पार बदललं पण स्पेलिंग मात्र जुनंच छापून बसलेलं, ते कोण हलवणार?

एवढ्यावर भागत नसेल तर विद्वान बोलवा. डेटमध्ये (कर्जवाला debt, तारखेचा नाही) बी नव्हता हो, फ्रेंचमधून आला तेव्हा साधा 'डेट्टे' होता, पण लॅटिनमध्ये डेबिटुम आहे म्हणून यांनी बी आणून बसवला, बोलायला नाही, नुसता शोभेला, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातल्या कपबश्यांसारखा. आयलंडमधला एस तर चुकून घुसवलाय, त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नाही! ही कल्पना मला सगळ्यात जास्त आवडते, आपणही चुका करतो पण त्या पाचशे वर्षं पाठ करून घेत नाही.

आणि कोणी दुरुस्ती सुचवली तर हसायचं. अमेरिकन डिक्शनरीवाल्या वेबस्टरचं यू काढलेलं 'कलर' अमेरिकेत चाललं पण 'टंग'चं टी-यू-एन-जी काही कोणी घेतलं नाही. १९०६ला रूझवेल्टने सरकारी छपाईत ३०० शब्द सोपे करा म्हणून हुकूम काढला, राष्ट्राध्यक्ष होता बरं का, तरी काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) त्याच वर्षी मोडीत काढला.

आता शेवटचं काम, पोरांना धाकात ठेवणं. मी पाचवीत नाईफचं स्पेलिंग 'कनिफे' असं घोकायचो, वेनस्डेचं 'वेद-नेस-डे'. एकदा वर्गात तोंडातून मोठ्याने 'कनिफे' निघालं, सर म्हणाले के सायलेंट असतो गाढवा, आणि दोन पट्ट्या. पुढे कळलं की जुने इंग्रज त्याला 'क्नीफ'च म्हणायचे, के चांगला खणखणीत. वेनस्डेतला डी पण म्हणायचे. म्हणजे मी फक्त सहाशे वर्षं लेट होतो, पण हे सरांना सांगायला गेलो असतो तर अजून दोन बसल्या असत्या.