लवकर झोपा म्हणणाऱ्यांनो, एकदा बदलापूरला राहायला या

रात्री दहाला झोपा, मोबाइल लांब ठेवा, हळदीचं दूध प्या. व्हॉट्सअॅपवर हे ज्ञान दोन दिवसाआड येतं. पाठवणारे बहुतेक निवृत्त, आणि घर पार्ल्यात वडिलांनी घेऊन ठेवलेलं. राग नाही त्यांच्यावर. पण नोकरदारांच्या घरात झोप मोबाइलमुळे कमी पडते हे मला पटत नाही. ती घरकर्जाच्या हप्त्यात कापली जाते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूण बदलापूरला आणि पाय लोअर परळला! मुलुंडला घ्यायचं तर नावच काढू नका, ठाण्यात भाडं झेपत नाही, म्हणून माणूस सरकत सरकत कल्याणच्या पुढे येतो. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. दादरला उतरून स्लो पकडायची, करी रोडला उतरून चालायचं, दारापासून दारापर्यंत दोन तास कुठे जात नाहीत. येताना पुन्हा तेच. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०० तास झाले. आठ तासांच्या साडेबारा पाळ्या, त्याही बिनपगारी.

लेडीज डब्यात झोपायची सोय आहे म्हणाल, तर तीही ऐका. डोळा लागतो न लागतो तोच खांद्यावर बोट टेकतं, "कुठे उतरणार?" डोळे न उघडता "दादर" म्हणायचं. ती पुढच्या बाईकडे सरकते. मग ठाण्याला चढलेली दुसरी येते, "कुठे उतरणार?" मी उठले की ही जागा आपली, असा नंबर लावणं तिचा हक्कच आहे, पण याला झोप कोण म्हणेल?

आणि दिवस काही लोकलपासून सुरू होत नाही. आमच्या सोसायटीत टाकीचा कॉक पहाटे पाचला सोडतात आणि तासाभरात बंद करतात. पिंप भरा, बादल्या भरा, तोवर कुकर लावा, डबे भरा. हे कोण करतं ते सांगायला नको, तरी सरकारने मोजलंच आहे. केंद्राच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला पाच तासांच्या आसपास निघाले, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा जेमतेम दीड तास. एकाच घरात, एकाच हप्त्यासाठी दोघं राबतात, पण झोपेचं खोबरं दोघांचं सारखं होत नाही.

"सवय होते गं," हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि आठवण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि त्यांना स्वतःला मात्र फारसं काही बिघडलंय असं वाटत नव्हतं. सवय झाली म्हणजे काय झालं, ते इथे कळतं.

आमच्या मजल्यावरचे एक दादा दिवसा अंबरनाथ एमआयडीसीत आणि रात्री दोन-अडीचपर्यंत भाड्याच्या टॅक्सीवर. मुलीचं इंजिनिअरिंग आहे, फी थांबत नाही. १७ ते १९ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा किंवा त्याहून वाईट वागतो, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा, म्हणजे ०.०३ टक्के. दादा दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. नाकाबंदीत फुंकर मारून आरामात पुढे जातात. त्यांना "जरा झोपत जा" सांगायची माझी तरी हिंमत नाही. फी मी भरणार आहे का?

गंमत बघा. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईडीच्या एका प्रकरणात, रात्रभर जागवून जबाब घेणं चुकीचं, झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, असं सुनावलं. अगदी योग्य केलं. पण ईडीने बोलावलेल्याला जी झोप मिळते ती हप्तेकऱ्याला नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे कमाल तास ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे, मान्य. पण बारा तास काम आणि चार तास प्रवास केलेल्या दिवशी उरतात आठ. त्यातच स्वयंपाक, आंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास. झोप कुठल्या खणात ठेवायची?

करता येण्यासारखं काहीच नाही असंही नाही. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या मुंबईतल्या कार्यालयातल्या लोकांसाठी कामाच्या दोन वेगवेगळ्या वेळा सुरू केल्या आणि इतर कार्यालयांनाही तसं करा म्हणून विनवलं. आमच्या साहेबांकडे साडेदहा ते साडेसात मागितले तर "पॉलिसीत बसत नाही" म्हणाले. अर्ज परत दिलाय. दर महिन्याला देणार.

घरात मात्र एक निर्णय घेतला, त्यावर दीर अजून धुसफुसतात. ३५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत फेडलं तर हप्ता साधारण ३०,४०० आणि १५ वर्षांत फेडलं तर ३४,५००. महिन्याला चार हजार वाढवले की १० लाख ८५ हजारांच्या आसपास व्याज वाचतं. त्यासाठी रात्री जेवणं आटोपल्यावर मी स्टेशन रोडवरच्या दुकानांचे हिशेब टॅलीत लिहीत होते. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० च्या आत ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, आणि व्यापारी बिलं देणार आदल्या रात्री, पिशवीत कोंबून. आता तिमाही रिटर्नवाले तेवढे ठेवले, दर महिन्याचे सोडले. कर्ज २० वर्षं चालेल. "वहिनी, जवळजवळ अकरा लाख सोडताय," दीर म्हणाले. सोडतेय. दीड तास लवकर पाठ टेकते, ते त्यांच्या एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात येतं ते त्यांनी मला दाखवावं.

सोडलेल्यांतल्या कापडवाल्या शेठना मात्र अकाउंट्सचं बघणारं कुणीतरी हवंय. ओळखीत कुणी असेल तर इनबॉक्स करा. ऑफिस बदलापुरातच असेल अशा माणसाला प्राधान्य.