स्ट्रॅटेजी कळली का? हो सर!

आमच्या कंपनीत दर एप्रिलला स्ट्रॅटेजी येते. आंबेही तेव्हाच येतात, पण ते निदान वासावरून कळतात.

चाकणच्या एमआयडीसीत आम्ही गाड्यांचे छोटे पार्ट बनवतो. मी प्लॅनिंगला, म्हणजे कुठल्या मशीनवर आज काय लावायचं हे आदल्या दिवशी सांगायचं आणि ते का नाही झालं हे दुसऱ्या दिवशी सांगायचं. टाउनहॉल, म्हणजे साहेबांची सगळ्यांबरोबरची सभा, कॅन्टीनमध्ये होतो कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागाच नाही, त्यामुळे मोठे साहेब 'व्हिजन' म्हणाले की मागून कुकर शिट्टी देतो. स्लाइडवर एक देऊळ असतं. वर कळसाला व्हिजन, खाली खांब: कस्टमर फर्स्ट, कॉस्ट कमी, झिरो डिफेक्ट, पीपल आणि डिजिटल. डिजिटलचा खांब दरवर्षी असतोच, त्यावर नक्की काय टेकलंय ते अजून कुणी बघितलेलं नाही. शेवटी साहेब विचारतात, "एनी क्वेश्चन्स?" सगळे बुटांकडे बघतात. मग मागून एकजण विचारतो की सेकंड शिफ्टची बस मोशीवरून जाणार का. साहेब म्हणतात, "बघतो." संपला टाउनहॉल.

मग सुरू होतं कॅस्केडिंग. साहेबांनी प्लांट हेडला सांगितलेलं प्लांट हेड एचओडींना सांगतात आणि एचओडी आम्हाला, आणि प्रत्येक जिन्यावर देवळाचा एखादा खांब गळून पडतो. क्वालिटीवाल्यांकडून ऐकलं तर अख्खी स्ट्रॅटेजी म्हणजे झिरो डिफेक्ट, फायनान्सकडून ऐकलं तर झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढा. एचआरने पोस्टर लावले, मग वाटले, ऑनलाइन क्विझ ठेवली. पासिंगला 80 टक्के हवेत. उत्तरं ग्रुपवर आधीच फिरत होती, त्यामुळे आमचा प्लांट स्ट्रॅटेजीत डिस्टिंक्शनने पास झाला.

आणि मग शुक्रवार उजाडला. संध्याकाळी पार तामिळनाडूतल्या होसूरहून कस्टमरचा फोन, स्टॉक संपला, उद्या दुपारपर्यंत माल नाही आला तर आमची लाइन थांबेल आणि डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचं बिल, तुमच्या नावावर. आता स्पेशल टेम्पो लावायचा तर दोन ड्रायव्हर आणि वर भाडं एवढं की त्या लॉटमधला सगळा नफा टोलनाक्यावरच संपावा. पहिला खांब म्हणतो पाठव, दुसरा म्हणतो खबरदार. मी एचओडींना फोन केला, ते म्हणाले स्ट्रॅटेजीप्रमाणे करा. फायनान्सला केला, तेही म्हणाले स्ट्रॅटेजीप्रमाणे करा. दोघंही अगदी बरोबर होते हो, हाच तर ताप आहे! दोन खांब एकमेकांवर आपटले तर कुठला वाचवायचा एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि खरी स्ट्रॅटेजी तेवढीच असते, बाकीचं पोस्टर.

हे आमच्याकडेच असं नाही. बॅलन्स्ड स्कोअरकार्ड ही कंपनीची कामगिरी मोजायची पद्धत काढणाऱ्या कॅप्लन आणि नॉर्टन यांनी 2005 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं की सरासरी 95 टक्के कर्मचाऱ्यांना आपल्या कंपनीची स्ट्रॅटेजी माहीत नसते किंवा कळलेली नसते. उरलेले 5 टक्के बहुधा स्लाइड बनवणारे. जपान्यांच्या होशिन कान्रीमध्ये, म्हणजे वरचं धोरण खालपर्यंत पोचवायच्या त्यांच्या पद्धतीत, यावर कॅचबॉल नावाचा उपाय आहे, वरच्यांनी टार्गेट खाली टाकायचं, खालच्यांनी 'हे जमेल, हे नाही जमणार, याला आणखी एक मशीन लागेल' असं म्हणून परत वर टाकायचं, असं पटेपर्यंत चालतं. आमच्याकडेही बॉल येतो पण परत टाकला की म्हणतात याचा ॲटिट्यूड चांगला नाही.

बरं, जपानपर्यंत जायची तरी काय गरज? साडेतीनशे वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र वाचा. दाणागोटा आत्ताच मनाला येईल तसा उडवलात तर भर पावसात मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुमची माणसं रयतेकडे हात घालतील आणि रयत म्हणेल यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताची गंजी पेटेल. काय करायचं, का करायचं, नाही केलं तर काय होईल, सगळं आहे. उंदीरसुद्धा आहे! आमच्या सत्तर स्लाइडींमध्ये उंदीर शोधून दाखवा.

तर त्या शुक्रवारी शेवटी डिस्पॅचच्या काकांनी टेम्पो बोलावला आणि बोर्डावर खडूने लिहून टाकलं, 'ज्याची लाइन बंद पडणार त्याचा माल आधी. भाड्याचं भांडण सोमवारी.' तेव्हापासून रात्री मला फोन येत नाहीत, लोक बोर्ड बघतात आणि माल भरतात. गेल्या महिन्यात मोठे साहेब राउंडला आले, त्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी बोर्डाचा फोटो काढून नेला.

काल त्याची स्लाइड आली. तेवीस पानं आहेत. काकांना समजावून सांगायला पुण्याहून एक कन्सल्टंट येतोय, बुधवारी.